पहिला स्लाइडर तळहाताला

घरात नवी मोटरसायकल आली की महिन्याभरात एक मागणी ठरलेली असते. "बाबा, स्लाइडर बसवायचेत." मुलगी असेल तर ती आईला गाठते. डाउन पेमेंट आणि इन्शुरन्समध्ये खिसा आधीच हलका झालेला असतो, त्यात हा नवा खर्च. आणि वस्तू तरी कसली, तर इंजिनाच्या दोन बाजूंना बाहेर आलेले प्लास्टिकचे दोन ठोकळे! मग घराघरांत तीन ठरावीक उत्तरं ऐकू येतात. आई म्हणते, "शुभ बोल रे, पडायच्या गोष्टी कशाला काढतोस?" बाबा म्हणतात, "नीट चालवलीस तर पडशीलच कशाला?" तिसऱ्या घरात बाबा स्वतःच गॅरेजवाल्याला फोन लावतात, "ते ठोकळे-बिकळे नकोत, जाड पाइपचं लेग गार्ड टाका. पोराच्या पायाला काही व्हायला नको."

मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवतो. पार्किंगमधल्या गाड्या आणि त्यांच्यावरचे ओरखडे रोज बघतो. पालकसभा संपल्यावर "सर, एक विचारू का?" म्हणत मागे रेंगाळणारे आईबाबाही भेटतात. तिन्ही उत्तरं मायेपोटी येतात, हे मला कळतं. पण तिन्हींमुळे बोलण्याची एक चांगली संधी हातची जाते, म्हणून आज जरा सविस्तर बोलू.

संधी अशी की, स्लाइडर मागणाऱ्या मुलानं "ही गाडी माझ्या हातून कधीतरी आडवी होईल" हे आपणहून कबूल केलेलं असतं. एरवी या वयात ही कबुली मिळत नाही. आपल्याकडे तर पडण्याबद्दल बोलणंच अपशकुनी. नव्या गाडीला हार घालतो, नारळ फोडतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पण ती घसरली तर काय करायचं, याचा उच्चार करत नाही. आता पोरानंच विषय काढला आहे, तर त्याला गप्प का करायचं?

आणि बोलायची वेळही हीच आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाचा मोटरसायकल अपघातांवरचा अहवाल १९८१ साली निघाला. लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० अपघातांचा त्यांनी घटनास्थळी जाऊन बारकाईनं अभ्यास केला होता. अपघात झालेल्या चालकांपैकी निम्म्याहून अधिक जणांना त्या गाडीवर पाच महिन्यांचाही अनुभव नव्हता. देश वेगळा, काळ वेगळा. पण नवी गाडी हातात बसेपर्यंतचे पहिले महिने नाजूक, हे आपल्या अंगणातही खरंच आहे. गाडीचं वजन अजून कळलेलं नसतं, ब्रेक कुठे धरतो ते बोटांना उमगलेलं नसतं आणि मित्रांच्या रविवारच्या ताम्हिणीच्या बेतांना नाही म्हणवत नाही.

आता वस्तूकडे येऊ. फ्रेम स्लाइडर म्हणजे टणक प्लास्टिकचा, मध्ये धातूचा गाभा असलेला ठोकळा. गाडीच्या सांगाड्याला, बहुतेक वेळा इंजिन माउंटिंगच्या बोल्टाच्या जागी तो बसतो आणि फेअरिंगच्या (गाडीभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) किंवा इंजिनाच्या बाहेर थोडा डोकावतो. गाडी आडवी झाली की हँडलचं टोक, फूटरेस्ट आणि हा ठोकळा जमिनीला आधी टेकतात. टाकी, फेअरिंग, रेडिएटर आणि क्लच किंवा मॅग्नेटचं कव्हर शक्य तितकं वर राहतं. गाडी घसरत गेली तर ठोकळा झिजतो आणि झिजता झिजता गाडीला सरळ सरकू देतो. याचे भाऊबंदही आहेत. पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या टोकांना बसणारे छोटे स्लाइडर, हँडलच्या टोकाचे बार-एंड, इंजिनाच्या कव्हरवरचं जादा कवच. आणि आपल्या ओळखीचं लेग गार्ड, म्हणजे वाकवलेल्या लोखंडी पाइपचा सांगाडा.

यातलं काहीच निरुपयोगी नाही. उभी गाडी पार्किंगमध्ये कलंडते, खडीवर यू टर्न घेताना पाय सटकतो, गळीत हंगामात ट्रॉलीतून सांडलेल्या पाचटावर आणि चिखलावर मागचं चाक फिरतं. नवशिक्याच्या हातून गाडी पडते ती बरेचदा अशीच, चालण्याच्या वेगानं. पण तेवढ्यातही इंजिनाचं कव्हर दगडावर आपटून फुटू शकतं. मग ऑइल रस्त्यावर येतं, मागच्या टायरखाली जातं आणि संध्याकाळी घाटात गाडी बंद करून बसायची पाळी येते. अशा वेळी स्लाइडर आपली किंमत वसूल करून देतो. फेअरिंगचा खर्च वाचतो आणि मूल अंधार पडायच्या आत घरी पोचतं.

पण त्याचं काम इथेच संपतं. स्लाइडर गाडी वाचवतो. मुलाला वाचवणं हे त्याचं कामच नाही आणि त्यासाठी तो बनवलेलाही नाही. गाडी जोरात घसरते तेव्हा चालक बहुधा गाडीवरून सुटलेला असतो. गाडी एकीकडे जाते, तो दुसरीकडे. मग गाडीला लावलेलं काहीही त्याच्या उपयोगी पडणार कसं?

जाड पाइपवाल्या बाबांना हे पटत नाही. पाइप आहे म्हणजे पाय वाचणारच, असं वाटणं साहजिक आहे. हर्ट यांच्या पथकानं नेमका हाच प्रश्न तपासला होता. क्रॅश बार, म्हणजे आपल्या लेग गार्डसारखा पाइप असलेल्या गाड्यांवर घोट्याच्या आणि पावलाच्या दुखापती कमी दिसल्या. पण गुडघा, मांडी आणि नडगी इथल्या दुखापती तेवढ्याच वाढलेल्या निघाल्या. गोळाबेरीज केली तर फायदा उरला नाही. पुढे १९८० च्या दशकात ब्रिटनच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेनं मोटरसायकलला पाय वाचवणारी कवचं बसवण्याचे प्रयोग केले. पाय वाचवायला गेलं तर धडकेत अंगाची दिशा बदलते आणि डोक्याला, छातीला जास्त मार बसू शकतो, असा आक्षेप घेत मोटरसायकल उद्योगानं त्यांना विरोध केला. वाद वर्षानुवर्षं चालला. चाचणी कशी घ्यावी यावर निदान एकमत असावं म्हणून शेवटी १९९६ साली आयएसओ १३२३२ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. प्रयोगशाळांना जे इतकं जड गेलं, ते कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात वाकवलेल्या पाइपनं सुटलं असेल, यावर विसंबू नका. पाइप बसवा, हरकत नाही. हळू वेगात गाडी पडली तर ती पूर्ण आडवी होत नाही, उचलायलाही सोपी जाते. फक्त तो बसवून निश्चिंत होऊ नका.

मग पैसे आधी कुठे घालायचे?

माणूस पडताना काय करतो ते आठवा. पाळण्यातून उतरल्यापासूनची सवय आहे ती, हात पुढे जातात. तळहात रस्त्यावर आपटतो आणि अंग पुढे सरकत राहतं. तळव्यानं रस्ता पकडला की सगळा भार मनगटावर येतो. तिथे अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. ते मोडलं की लवकर जुळत नाही, कारण त्याला रक्ताचा पुरवठा मुख्यतः एकाच टोकाकडून होतो. पहिल्या एक्स-रेत ते बरेचदा दिसतही नाही. नुसता मुरगळा समजून दिवस निघून जातात. म्हणून मोटरसायकलच्या चांगल्या ग्लोव्ह्जमध्ये तळहाताच्या मुळाशी टणक प्लास्टिकची एक गोटी बसवलेली असते. हात रस्त्याला चिकटू नये, सरकावा, एवढंच तिचं काम. तिलाही स्लाइडरच म्हणतात, पाम स्लाइडर.

तर आईबाबांनो, मुलाला स्लाइडर नक्की घेऊन द्या, पण पहिला स्लाइडर तळहाताला. गाडीचा त्यानंतर.

त्याआधी अर्थातच हेल्मेट. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्यांचा आकडा ५०,०२९. त्यात मागे बसलेले चौदा हजारांहून अधिक. हा आकडा मुलाला सांगाच, पण त्याच्या मागे बसून बाजारात जाणाऱ्या प्रत्येकानं तो स्वतःलाही सांगायला हवा. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला देशात बंदी आहे. आयएस ४१५१ हा आकडा बघा, डोक्यात घालून बघा, पट्टा लावून दोन्ही हातांनी मागून पुढे ओढून बघा. डोक्यावरून निघून आलं, तर ते कितीही महाग असलं तरी तुमच्या मुलाच्या डोक्याचं नाही.

त्यानंतर ग्लोव्ह्ज. युरोपीय मानकाचं चिन्ह असलेले, म्हणजे आत ईएन १३५९४ लिहिलेले मिळाले तर उत्तम. मग घोटा झाकणारे बूट. हर्ट यांच्या अहवालात पाइपनं वाचवलेला एकच अवयव होता, घोट्यापासून खालचा. तो बूटही वाचवतो, आणि बदल्यात गुडघा मागत नाही. मग कोपर आणि खांद्याला पॅड असलेलं जॅकेट. आपल्या उकाड्यात जाळीचं घ्या. जे घालवत नाही ते कपाटातच राहतं. एवढं झाल्यावर उरलेल्या पैशांत गाडीचे स्लाइडर. पैसे कमी पडले तर पुढच्या पगारापर्यंत गाडीला थांबू द्या.

आता खरेदी. ही त्याच्या एकट्यावर सोडू नका आणि तुम्ही एकट्यानंही उरकू नका. शेजारी बसा आणि विचारा, "कुठल्या पडण्यासाठी घेतोयस?" उत्तरावर बरंच काही ठरतं. गाडी बहुतेक शहरात आणि कधीमधी घाटात फिरणार असेल, इंजिन उघडं असेल, सामान बांधून लांब जायचं असेल, तर गाडीच्या मॉडेलसाठीच बनवलेलं, तीन-चार ठिकाणी पकडलेलं पाइपचं इंजिन गार्ड समजू शकतो. वेगात घसरण्याची शक्यता असेल, गाडी फेअरिंगवाली असेल, तर ठोकळा बरा. पाइपची वळणं खड्ड्यात किंवा दुभाजकाच्या कडेला अडकली तर सरकणारी गाडी उलटीपालटी होऊ शकते. गुळगुळीत ठोकळा सहसा सरकत राहतो.

मग ठोकळा कशाचा आहे ते बघा. चांगले स्लाइडर नायलॉनचे, डेलरिनचे किंवा तशाच चिवट प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक डांबरावर किसलं जातं, पण फुटत नाही. चकाकणारे, रंगीत, नुसत्या ॲल्युमिनियमचे ठोकळे फोटोत देखणे दिसतात. पण धातू रस्त्यात रुततो आणि रुतला की धक्का सरळ सांगाड्याला जातो. बोल्टाचं डोकंही तपासा. ते प्लास्टिकच्या आत खोल बसलेलं हवं. वरवर असेल तर थोड्याच झिजेनंतर पोलाद डांबरावर घासून ठिणग्या उडतील, आणि आडव्या गाडीच्या टाकीच्या झाकणातून पेट्रोल झिरपत असू शकतं.

लांबीच्या बाबतीत पोरं फसतात. जास्त बाहेर आलेला स्लाइडर जास्त वाचवेल, असं वाटतं. पण लांब पान्यानं घट्ट बोल्ट जसा सहज हलतो, तसाच लांब ठोकळा पडताना आपल्याच बोल्टाला पिळतो आणि त्यामागच्या सांगाड्याला तडा देऊ शकतो. तसं झालं तर फेअरिंगचा पॅनेल वाचवायला जाऊन चेसी घालवली म्हणायची. फेअरिंगच्या कडेच्या थोडासाच बाहेर येणारा, जाड आणि आखूड ठोकळा चांगला. फेअरिंगवाल्या गाडीला दोन प्रकार मिळतात. एकात फेअरिंगला भोक पाडून बोल्ट सरळ आत जातो. दुसऱ्यात भोक न पाडता, वाकडी पट्टी लावून ठोकळा बाजूला आणतात. पोरांना दुसरा हवा असतो, कारण नव्या गाडीला भोक पाडायचं जिवावर येतं. पण वाकड्या पट्टीवर मार बसला की ती पिळली जाते. पट्टीवाला घ्यायचाच तर पट्टी जाड आणि दोन ठिकाणी बांधलेली बघा.

'सगळ्या गाड्यांना चालतो' असं पाकिटावर लिहिलेला स्लाइडर दुकानातच ठेवा. एकाच नावाच्या गाडीच्या दोन आवृत्त्यांतसुद्धा माउंटिंगची जागा बदललेली असते. मॉडेल आणि वर्ष दोन्ही जुळवून घ्या. बोल्ट तर नीट बघाच. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टाचे आटे १.२५ चेही असतात आणि १.५ चेही. दिसायला दोन्ही सारखेच. चुकीचा बोल्ट दोन फेरे आत जातो, मग अडतो. मेकॅनिक जोर लावतो आणि इंजिनाचे आटे मरतात. बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात, ती त्याची ताकद. कंपनीच्या मूळ बोल्टावर जो आकडा आहे, त्याच्या खालचा बोल्ट तिथे जाऊ देऊ नका.

बसवताना गाडीपाशी उभे राहा. काही गाड्यांत इंजिन हाच सांगाड्याचा भाग असतो. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम काढले तर ते खाली सरकतं आणि मग भोकं जुळता जुळत नाहीत. म्हणून इंजिनाखाली आधार देऊन एका वेळी एकच बाजू उघडायची. घट्ट करताना टॉर्क रेंच वापरायचा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळायचं. "हातानं अंदाज आहे साहेब" असं म्हणणाऱ्याचा अंदाज इतर ठिकाणी चालेल, इथे नको. बसवून झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठे अडतंय का. गिअर आणि मागचा ब्रेक पायाला मोकळे आहेत का, रेडिएटरच्या वाऱ्यासमोर काही आलं नाही ना, तेही बघा. काहीशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासून घ्या. वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन माउंटिंग बाहेर उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरचं म्हणणं लेखी घ्या, आणि महागडं गार्ड बसवलंत तर इन्शुरन्सवाल्याला कळवा. न कळवलेल्या जादा वस्तूचे पैसे सहसा मिळत नाहीत.

गॅरेजमध्ये आहातच, तर गाडीवरून काय उतरतंय तेही बघा. स्लाइडर बसवायच्या दिवशीच बरेचदा आरसे आणि साडीगार्ड 'लूक बिघडतो' म्हणून काढले जातात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्यासाठी पकडायला आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं आवरण हवं. ओढणी, साडीचा पदर, लहानग्याचं पाऊल चाकात जाऊ नये म्हणून ते आहे. या गाडीवर उद्या आजी बसणार आहे, बहीण बसणार आहे. एका हातानं स्लाइडर आणि दुसऱ्या हातानं साडीगार्ड, हा सौदा मुळीच मान्य करू नका.

ज्यांची मुलं अजून अठराची नाहीत, त्यांच्याशी वेगळं बोलायचंय. मुलाकडे स्लाइडर आहे, हेल्मेट आहे, चालवतोही छान, म्हणून क्लासपुरती किल्ली देणारे पालक मला भेटतात. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९ए आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याला किल्ली द्यायला तुम्हाला सबब शोधावी लागते, त्याला ती द्यायची नसते.

हर्ट यांच्या अहवालातला आणखी एक आकडा आपल्या सगळ्यांसाठी आहे. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के जण गाडी स्वतःच शिकलेले होते किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. आपल्याकडे दुसरं काय होतं? काका मैदानावर दोन चकरा मारायला लावतात, की झाली शिकवणी. त्याच अहवालात दिसलं की संकट समोर आल्यावर बहुतेकांनी मागचा ब्रेक जोरात दाबून चाक लॉक केलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. आपल्या घरांतली शिकवण आठवा: "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील." हा सल्ला बाबांना त्यांच्या बाबांनी दिलेला असतो. पण १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली आहे. पुढचा ब्रेक बेतानं पण भक्कम कसा दाबायचा, हे मोकळ्या जागेत, कोरड्या रस्त्यावर, जाणत्या शिक्षकाकडून शिकता येतं. एका दिवसाचं चांगलं प्रशिक्षण मिळत असेल तर स्लाइडरच्या आधी तिथे पैसे घाला. जमल्यास तुम्हीही बरोबर जा. बाबा शिकतायत हे पाहून मुलगा जे ऐकतो, ते बाबा सांगतायत म्हणून ऐकत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. स्लाइडर चांगला असेल तर गाडी पडूनही तिच्यावर फारसं काही दिसत नाही. मूल घरी येतं, गाडी लावतं, जेवतं, काही बोलत नाही. ठोकळ्यावरचा पांढुरका घासा तेवढा उरतो आणि तोही पोरं काळ्या मार्करनं झाकतात. का झाकतात? पडल्यावर आपण पहिला प्रश्न काय विचारतो, ते त्यांना ठाऊक असतं म्हणून. "गाडीला काय झालं?" किंवा "तरी सांगत होते!"

लपवलेल्या पडण्याचा पहिला धोका तांत्रिकच आहे. स्लाइडरचा बोल्ट मार खाऊन वाकलेला असू शकतो, आणि बाहेरून ते कळत नाही. त्याच बोल्टावर इंजिन लटकलेलं असतं. हँडल किंचित तिरकं झालेलं असतं, ब्रेकचा लिव्हर मुळाशी चिरलेला असतो. हेल्मेट जमिनीवर आपटलं असेल तर आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो आणि तो परत फुगत नाही. स्लाइडरचा बोल्ट काय आणि हेल्मेट काय, दोन्ही एकदाच कामी येण्यासाठी बनवलेले. काम झालं की बदलायचे. पण बदलणार कधी? मूल सांगेल तेव्हाच. आणि मुरगळलेलं मनगट दाखवायला डॉक्टरकडे कधी जाणार? तेही सांगितल्यावरच.

म्हणून स्लाइडर घ्यायच्या दिवशीच घरात एक करार करा आणि तो दोघांनी पाळा. मुलानं कुठेही पडल्यावर, लागलेलं असो वा नसो, घरी सांगायचं. तुम्ही त्या दिवशी आवाज चढवायचा नाही. किल्ली काढून घ्यायची नाही. जोरात लागलं असेल तर आधी १०८, मग घर, हे त्याच्या फोनमध्ये आणि डोक्यात दोन्हीकडे असू द्या. तो वेगात होता का, पाठलाग करत होता का, फोन बघत होता का, हे प्रश्न जरूर विचारायचे, पण डॉक्टर आणि मेकॅनिक दोघांकडे जाऊन आल्यावर. चूक त्याची निघाली तर किल्ली चार दिवस तुमच्याकडे ठेवायचं तेव्हा ठरवा, आणि तेही त्याच्याशी बोलून. खरं सांगितल्याची शिक्षा मात्र देऊ नका. ती दिलीत तर पुढचं पडणं तुम्हाला बाहेरच्यांकडून कळेल.

पैशांची वाटणीही तेव्हाच करून टाका. माझा आग्रह असा की हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बूट आणि प्रशिक्षण यांचे पैसे तुम्ही द्या. गाडीच्या स्लाइडरचे त्याला साठवू द्या, पॉकेटमनीतून, सुट्टीतल्या कामातून. गाडी त्याची हौस आहे, तो त्या हौसेचा खर्च. अंग मात्र तुमच्या घरचं आहे. ही वाटणी तोंडानं समजावत बसायची गरज पडत नाही. कोण कशाचे पैसे देतंय यावरून या घराला कशाची काळजी आहे, ते मुलाला बरोबर कळतं.

आणि शेवटी, तो फोन कधी आलाच तर काय बोलायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. "कुठे लागलंय? उठून उभा राहता येतंय का? रस्त्यातून बाजूला झालास ना? मी निघालो." एवढं पुरे. गाडीचं काय झालं, ते दुसऱ्या दिवशी विचारा.